वही सोनाळ्याला अडकली

उंद्री, ता. चिखली
१२ जून १९६३

श्री. किसनराव यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी 'फिरती वही मंडळा'चा अध्यक्ष या नात्याने लिहीत आहे, खाजगी नात्याने नव्हे, याची कृपया नोंद घ्यावी. आपण मंडळातून नाव कमी केलंत त्याला या महिन्यात वर्ष झालं. त्या विषयात मला काही म्हणायचं नाही.

विषय वेगळा आहे. मंडळाकडे तीन नव्या माणसांची पत्रं आली आहेत. त्यांना सभासद व्हायचं आहे. नव्या माणसाला पहिलं पत्र लिहिण्याचं काम सुरुवातीपासून आपल्याकडे होतं. वही कशी फिरते, प्रत्येकाने ती चार दिवस ठेवून आपल्या मनचं लिहायचं आणि बुकपोस्टाने पुढच्या गावी धाडायची, हे आपण त्यांना सांगत असा. आणखी काय सांगत होतात ते मला ठाऊक नाही, कारण मी कधी वाचलं नाही. पण त्या पत्रानंतर माणूस टिकत असे, एवढं खरं.

आपण गेल्यावर बाविसांचे आम्ही नऊ राहिलो. याचा आपल्या जाण्याशी संबंध नाही. बदल्या, आजारपणं, लग्नसराई अशी कारणं आहेत.

तरी त्या पत्राचा नमुना आपल्याकडे असल्यास पाठवावा. मंडळ आभारी राहील.

आपला,
शेषराव
(हेडमास्तर)

ता. क. : घरातून विचारणा आहे की आपल्या मातोश्रींचे गुडघे आता कसे आहेत. हे सत्यभामेने विचारलं आहे, मी नाही.


उंद्री
६ जुलै १९६३

श्री. किसनराव यांस,

उत्तर आलं नाही. मलकापूरच्या टपालात गडबड असावी, असं मी धरून चाललो होतो. आमच्या पोस्टमनचं म्हणणं, गडबड नाही. असो.

नमुना न आल्यामुळे स्वागताचं पत्र मी स्वतःच तयार केलं. त्यात सव्वीस नियम आहेत. उदाहरणादाखल : नियम चार, सरकारने मंजूर केलेलं नवं शुद्धलेखन पाळावं, 'नाहीं'वरचा अनुस्वार आता गेलेला आहे. नियम अकरा, म्हैस, बैल, शेळी आदी जनावरांविषयी एका पानाहून जास्त लिहू नये. नियम एकोणीस, ग्राम्य शब्द टाळावेत. माझ्या मते यात समजायला अवघड काही नाही.

परिणाम कळवतो. बुलढाण्याचे उकंडराव, हे कोर्टातून निवृत्त झालेले कारकून आहेत. त्यांनी लिहिलं की नियम सात आणि नियम तेरा एकमेकांना छेद देतात, तरी अपील कोणाकडे करायचं ते कळवावं. मेहकरकडचे कडूबा यांचं एक पोस्टकार्ड आलं : 'परीक्षा कवा हाये? मी चौथीत नापास झालो म्हणून शाळा सोडली. आता पुन्हा होत नाही. राम राम.'

तिसऱ्या सोनाळ्याच्या तानुबाई. दोन वर्षांमागे प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या बाई आहेत. त्यांच्याकडून उत्तरच नाही. आणि माझ्याकडून एक चूक झाली. तिकडचे आपले जुने सभासद गळाल्यामुळे मी नियमांच्या पत्राबरोबर वहीसुद्धा त्यांच्याकडेच पाठवली. आज सतरा दिवस झाले, वही सोनाळ्याहून हललेली नाही. दोन नोटिसा धाडल्या, लाल शाईने. काही नाही. नऊ सभासद वाट पाहून आहेत. त्यातल्या दोघांनी विचारलं की मंडळ बंद पडलं का, आणि विचारण्यात मला थोडा आनंद दिसला.

सत्यभामेने नियमांचं पत्र वाचलं. म्हणाली, "मले तं वाटलं पोलीस पाटलाचं समन्स आलं. किसनभाऊ असं लिहीत होते काय?"

मी म्हणालो, "ते काय लिहीत होते ते तुला काय माहीत?"

"मले माहीत हाये. सुट्टीत इकडे आले की ओसरीवर बसून लिहीत, अन् मले वाचून दाखवत."

"मला कधी दाखवलं नाही."

"तुमाले दाखवलं असतं तं तुमी दुरुस्त केलं असतं."

हा संवाद केवळ माहितीसाठी दिला आहे. तुमच्याकडे नमुना असेलच. पाठवलात तर बरं होईल.

शेषराव


उंद्री
२५ जुलै १९६३

किसनराव,

वही जप्त करायला मी स्वतः सोनाळ्याला जाऊन आलो. काय झालं ते कोणाला तरी सांगायला हवं. सत्यभामेला सांगितलं तर ती गावभर हसेल, म्हणून तुम्हाला लिहितो.

खामगावला एस.टी. बदलली, आणखी एकदा बदलली, आणि शेवटचे दोन कोस पायी गेलो. काळ्या मातीचा चिखल तुम्हाला माहीत आहे. डावी चप्पल त्यात राहिली. उजवी हातात घेऊन मी तानुबाईंच्या दारात उभा राहिलो तेव्हा माझ्याकडे पाहून मंडळाचा अध्यक्ष आला आहे असं कोणी म्हटलं नसतं.

मी म्हणालो, "वहीसाठी आलो."

पन्नाशीची बाई. सूप खाली ठेवलं, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "नवीन हायेस का? बरं झालं आला. म्याही नवीनच हावो."

तिथेच सांगायला हवं होतं. पण चप्पल हातात होती. मी ओसरीवर टेकलो.

"ओसरीवर काऊन बसतो? टपालवाला हायेस का? आत ये, चुलीजवळ बस, पाय वाळव."

चुलीजवळ बसलो. तिने भाकर आणि ठेचा दिला. तिथे बसल्यावर तुमची आठवण आली. का आली ते या पत्रात लिहीत नाही.

नाव विचारलं. मी 'उत्तमराव' असं सांगितलं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, एका शाळेचा हेडमास्तर, परक्या घरात बसून खोटं नाव सांगतो. मग मी हळूच विचारलं की वही इतके दिवस का ठेवली.

"वाचून राह्यली ना! एक एक अक्षर पकडून वाचते मी. दिवसाले अर्ध पान होते. लोकाईनं एवढं मनापासून लिहिलं, ते न वाचताच पुढं धाडू का?"

किसनराव, आपल्या मंडळात वही पुरती वाचणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मी स्वतः फक्त चुका वाचत आलो.

"अन् मास्तरच्या चिठ्ठ्या नाही आल्या?" मी विचारलं.

"आल्या ना, दोन. देवाजवळ ठेवल्या. मास्तरनं आठवण काढली दोनदा, लाल शाईनं."

मग मला कळलं की लाल शाईचा तिने काय अर्थ लावला आहे. लग्नाच्या पत्रिकेला कुंकू लावतात तसं मास्तर आवडलेल्या लिहिण्याला लाल लावतो, असं ती समजून होती. ज्याच्या पानावर जास्त लाल, तो जास्त आवडला. म्हणून तिनेही आपल्याला आवडलेल्या ओळींवर कुंकवाची बोटं लावून ठेवली आहेत. मंडळाची वही आता एखाद्या पूजेतून आल्यासारखी दिसते.

"ह्या पोराचं पाह्य," ती म्हणाली आणि पान उघडलं. "सगळं पान लाल! मास्तरच्या लयच मनात भरलं असन. म्हणून म्या हेच पह्यले वाचलं. दोनदा वाचलं."

तो तुमचा लेख होता. मायचा. तिने तुम्हाला चिखलीच्या शाळेत घातलं, तुम्ही पळून जाल म्हणून रोज खिडकीबाहेर बसून राहिली, आणि आतल्या पोरांबरोबर तीही बारापर्यंतचे पाढे शिकली, तो.

"फकत एक घोटाळा हाये," ती म्हणाली. "पोरानं 'माय' लिहिलं तिथं रेघ मारून 'आई' लिहिलेलं हाये. अकरा ठिकाणी. लाड करता करता मास्तरचा हात चुकला असन. म्या नीट करून ठेवलं."

अकराही ठिकाणी तिने पेन्सिलने मोठ्या, वाकड्या अक्षरात पुन्हा 'माय' लिहिलं आहे. काना कधी अक्षराच्या खाली उतरला आहे. पण वाचता येतं.

मग ती जरा पुढे सरकली आणि आवाज खाली आणला. "तू नवीन हायेस म्हणून सांगते. उंद्रीचा तो मास्तर हाये ना, त्याले भेऊ नको. सव्वीस कलमं लिहून धाडते. पण मनानं वाईट नसन. त्याच्याशी बोलाले कोणी नसन, म्हणून लिहीत बसते बिचारा."

मी ठेचा तिखट आहे असं म्हणालो आणि पाणी मागितलं.

निघताना तिने वही माझ्यापुढे ठेवली. नव्या माणसाने काहीतरी लिहिलंच पाहिजे, असा तिचा एकच नियम. मी तासभर कोऱ्या पानासमोर बसलो. जे सुचे ते सव्वीसपैकी कोणत्यातरी नियमात अडकत होतं. शेवटी चार ओळी लिहिल्या. तिने बोट ठेवून त्या सावकाश वाचल्या. वाचून झाल्यावर विचारलं, "हा दोस्त कोण हाये?"

"आहे एक. मलकापूरला असतो."

"त्याले सांगितलं का तू हे?"

"नाही."

"मंग वहीले काऊन सांगतो?"

मी वही न घेताच परत आलो. तिची सहा पानं वाचायची राहिली आहेत. उजवी चप्पलही तिच्याकडेच आहे.

ते पान लाडाने लाल केलं नव्हतं. तिला हे सांगता आलं नाही. तुम्हाला तर सांगायची गरजच नाही.

शेषराव


उंद्री
१० ऑगस्ट १९६३

किसन,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. शाळेत वाचल्या, घरी येऊन वाचल्या, मग सत्यभामेने कार्ड काढून घेतलं. तू लिहिलंस : 'दुरुस्त केलेला लेख मी मायले वाचून दाखवला होता. तिनं इचारलं, ही आई कोण बाई हाये रे? मले उत्तर देता आलं नाही.'

सत्यभामा आधी हसली. मग पदराने डोळे पुसत आत गेली. मग आतूनच म्हणाली, "द्या आता उत्तर. तुमी हेडमास्तर."

देतो. महाराष्ट्र झाला त्या वर्षी मी पुण्याला शिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो, तुला आठवत असेल. तू मला मलकापूरला गाडीत बसवून दिलंस. परत आल्यावर मी तुला सांगितलं की शिबिर छान झालं. ते खोटं होतं. पहिल्याच दिवशी मी उभा राहून "मले एक शंका हाये" असं म्हणालो आणि सगळी खोली हसली. वाईट मनाने हसले नसतील. पण पुढचे नऊ दिवस मी तोंड उघडलं नाही. शंकाही तशीच राहिली. येताना लाल शाईची बाटली घेऊन आलो, आणि आपल्या माणसांना पुन्हा कोणी हसू नये म्हणून मीच सगळ्यांना दुरुस्त करायला लागलो. ते हसू मी तुझ्या मायच्या अंगावर काढलं. तिने काय बिघडवलं होतं?

दुसरं उत्तर तू मागितलेलं नाहीस. तुझी माझी ओळख चिखलीच्या बाकावरची, म्हणजे अडतीस वर्षांची. तू माझ्या घरी किती वेळा आलास. नेहमी ओसरीवर बसलास. मी कधी म्हणालो नाही की आत ये. बस म्हणालो, चहा घे म्हणालो, आत ये म्हणालो नाही. वडील होते तोवर त्यांच्याकडे बोट दाखवता येत होतं. ते जाऊन बारा वर्षं झाली. आणि तुझ्या घरी तर मी कधी आलोच नाही. तुम्ही सगळ्यांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी मी तुला अभिनंदनाचं पत्र लिहिलं. मोठं शुद्ध पत्र होतं. सोनाळ्याला चुलीजवळ बसल्यावर हेच आठवलं होतं.

आता मंडळाची बातमी. वही आली! पण त्याआधीच तानुबाईंनी वहीच्या मागच्या पानावरचे पत्ते पाहून उकंडराव आणि कडूबा, दोघांनाही पत्र धाडलं. मला विचारलं नाही. उकंडरावांनी त्याची नक्कल मला पाठवली. अशी आहे : 'ये. आम्ही काही लय हुशार नाही. काय लिहाव ते सुचल नाही त तुह्या गावात पाऊस किती झाला ते लिही. म्या वाचीन. उशीर लागन पण वाचीन. तानु.' एकही अनुस्वार नाही. सरकारच्या पुढे गेली बाई.

उकंडरावांनी अपील मागे घेतलं. कडूबांनी नऊ पानं लिहून धाडली, सगळी म्हशीवर. त्यांची म्हैस खाकी कपड्यातल्या माणसाच्या मागे लागते, आणि गावात खाकी कपडे फक्त पोस्टमनचे, म्हणून टपाल त्यांच्या घरी पोचतं ते खिडकीतून फेकलेलं. मी वाचता वाचता इतका हसलो की शाळेची मधली सुट्टी दहा मिनिटं लांबली. गळालेल्यांपैकी चौघांनी विचारलंय की पुन्हा येता येईल का. त्यांना तानुबाईच लिहील. मी फक्त तिकीट लावतो.

तुझा लेख मी पुन्हा उतरवून काढला आहे, तुझ्या शब्दांत, शब्दाला शब्द. येत्या रविवारनंतरच्या रविवारी, अठरा तारखेला, घेऊन येतो. तू घरी नसलास किंवा नसायचं ठरवलंस तरी चालेल. मायला वाचून दाखवतो आणि परत जातो.

शेषराव


मलकापूर, तुझं घर
१८ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ

किसना,

तू ड्युटीवर हायेस. खरंच हायेस, का मी येणार म्हणून मागून घेतली, ते मायले इचारलं. ती म्हणाली, "पार्सलची गाडी त्याले इचारून येत नाही." 

पत्ता सापडायले कष्ट पडले नाहीत. रेल्वेच्या क्वार्टरात कोणालेही तुह्या मायचं, कलाबाईचं घर इचारलं की दाखवते. तुले कोणी ओळखत नाही, हे तुले माहीत असावं.

दार तिनंच उघडलं. मी नाव सांगितलं. या खेपेला खरं सांगितलं. तिनं कडीवरचा हात काढला नाही. मले वाटलं दार लावते आता. मंग म्हणाली, "चिखलीच्या शाळेत दुसऱ्या बाकावर बसत होता. नाक पुसाले रुमाल नव्हता तुह्याजवळ. सदऱ्यानं पुसत होता."

मी म्हटलं, "हाव."

"लय वर्षं लागली तुले यायले."

 ती बाजूले झाली. मी आत आलो.

लेख वाचून दाखवला. मन लावून ऐकून राह्यली. 'माय' आलं की मान हलवत होती, हजेरी द्यावी तशी. संपल्यावर मी म्हटलं, "कसा हाये?"

म्हणाली, "चुका लय हायेत."

किसना, मी पह्यल्यांदाच कोणाच्या तोंडून तुह्या लेखातल्या चुका ऐकल्या, अन् त्या मले कधी दिसल्याच नव्हत्या. एक, ती खिडकीबाहेर बसली नव्हती. उभी होती. बसली असती तं आतलं दिसलं नसतं. दोन, तू पळून जाशीन म्हणून ती थांबत नव्हती. तिले मास्तर काय सांगतात ते ऐकाचं होतं. तुह्यासाठी थांबते असं सांगितलं की कोणी हाकलत नव्हतं, म्हणून तसं सांगत होती. तीन, बारापर्यंत नाही, एकोणीसपर्यंत.

मी म्हटलं, "एकोणीसपर्यंत?"

तिनं तांदूळ निवडता निवडता अठराचा पाढा सुरू केला. मीही संगं म्हणू लागलो. मधात एका जागी अडखळलो. ती थांबली, बरोबर आकडा सांगितला, अन् पुढं गेली. मंग एकोणीसचा म्हटला. तो मी नुसता ऐकला.

तुले हे माहीत होतं काय? तिले इचारलं, पोराले का नाही सांगितलं. म्हणाली, "त्यानं इचारलं नाही. त्याले वाटे माय त्याच्यासाठी उभी हाये. वाटू दे म्हटलं, लहान लेकरू."

लेखाले मी हात लावला नाही. तुहा लेख हाये, काय करायचं ते तू अन् ती पाहून घ्या. पण मी तिले म्हटलं, "माय, तुमी मंडळात या." म्हणाली, "मले लिहिता येत नाही. पाढे कानानं शिकता येतात, अक्षरं कानानं येत नाहीत." मी म्हटलं, तुमी बोला, मी लिहितो. जसं बोलसान तसं.

दोन घंटे झाले, ती बोलून राह्यली अन् मी लिहून राह्यलो. सहा पानं झाली. कुठंही थांबून 'म्हणजे काय' असं इचारावं लागलं नाही. खिडकीच्या गजाले धरून उभं राह्यलं की हाताले गंजाचा वास येई, तो धुतला तरी जात नसे, इथपर्यंत आली हाये. पुढं काय ते मले माहीत नाही. तुलेही नाही.

मधात ती भाकरी टाकाले उठली म्हणून तेवढ्यात हे तुले लिहून घेतो. मले जेवाले थांब म्हणाली. शेवटची एस.टी. चार वाजता होती, ती गेली असन. तू आल्यावर मले घरात ठेवायचं का हाकलायचं ते तू ठरव. मले सांगाचं होतं ते सगळं मागच्या पत्रात सांगून झालं. तोंडानं सांगाले अजून जीभ वळत नाही, पण सांगीन.

माय आतून म्हणते, "ठेव बे तो कागद. सायकल वाजली. किसन आला, अन् माही गोष्ट त्यानं अर्ध्यातून ऐकली तं मले पुन्हा पह्यल्यापासून सांगा लागन."